हार्डडिस्क टिकटिक करतेय? आधी केबल काढ, मग हे वाच

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू इलस्ट्रेटर आहेस, दिवाळी अंकांची आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं करतोस, लॅपटॉप भरला म्हणून ५ वर्षांचं सगळं काम २ टीबीच्या एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाकलंस आणि लॅपटॉपवरून डिलीट केलंस. परवा ती डिस्क चालू असतानाच टेबलावरून खाली पडली, आता लावली की टिक, टिक, टिक आवाज येतो, मधेच विंडोज 'फॉरमॅट करा' म्हणतं, आणि मित्र सांगतोय रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. "ताई, आता काय करू, आणि परत असं होऊ नये म्हणून काय करू?" असं विचारलंयस.

पहिलं उत्तर एका ओळीचं आहे. केबल काढ आणि परत लावू नकोस. "एकदाच बघतो, कदाचित आता चालेल" हे सुद्धा नको.

का ते सांगते, कारण कारण कळलं की हात आपोआप थांबतो. डिस्कच्या आत गोल गुळगुळीत तबकड्या असतात, लॅपटॉप साइजच्या डिस्कमध्ये त्या बहुतेक काचेच्या असतात आणि वर अतिशय पातळ चुंबकीय थर, त्यातच तुझी चित्रं. वाचणारं हेड त्या तबकडीवर टेकत नाही, काही नॅनोमीटरवर तरंगतं, आपला केस याच्या हजारो पट जाड असतो. पोर्टेबल डिस्क साधारण मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते. चालू असताना पडली म्हणजे हेडला मार बसलाय, ते आपली जागा शोधतंय, सापडत नाही, मागे जातं, परत शोधतं, तीच ती टिकटिक. हेड वाकलेलं असेल आणि तबकडीला घासत असेल तर तू डिस्क एक मिनिट चालू ठेवलीस की ५४०० वेळा तो थर खरवडला जातोय, आणि खरवडून निघालेला थर जगातली कुठलीही लॅब परत चिकटवू शकत नाही. म्हणून आत्ता तुझ्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काहीही न करणं.

फ्रीजरचं विसर. बाहेर काढली की आपल्या हवेत आत दव धरतं आणि ओल्या तबकडीवर हेड फिरणं म्हणजे उरलंसुरलं पण गेलं. टकटक मारणं नाही, झाकण उघडून बघणं नाही (धुळीचा एक कण त्या हेडपुढे डोंगराएवढा असतो), यूट्यूबवर बघून तसल्याच दुसऱ्या डिस्कचा हिरवा सर्किट बोर्ड बसवणं नाही. आजच्या डिस्कमध्ये त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं लिहिलेली असतात, मॉडेल नंबर जुळला तरी दुसरा बोर्ड चालत नाही. आणि 'फॉरमॅट करा' ला होय नाही, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) तर अजिबातच नाही.

चेकडिस्कबद्दल मी एवढं ठासून का लिहितेय ते सांगते. २०१२ मध्ये माझी १ टीबीची डेस्कटॉप डिस्क हळू झाली, एक फोल्डर उघडायला मिनिट लागायचं. विंडोजने विचारलं तपासून दुरुस्त करू का, मी होय म्हटलं आणि झोपले. सकाळी बघते तर माझी फोल्डरं गायब आणि 'फाउंड' नावाच्या एका नव्या फोल्डरमध्ये ओळीने शेकडो सीएचके फाइली, नाव ना गाव. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची डिस्कवरची नोंदवही) नीटनेटकी करणं, तुमचं चित्र वाचवणं हे त्याचं काम नाहीच, आणि ते करताना ते त्याच आजारी डिस्कवर लिहितं. मुलांच्या पुस्तकाची ३२ पानं होती त्यात. मग प्रत्येक सीएचके फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतला कच्चा मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडायची आणि पहिली चार अक्षरं बघायची, '८बीपीएस' दिसलं की ती पीएसडी म्हणजे फोटोशॉपची फाइल, एक्स्टेन्शन बदलायचं, फोटोशॉपमध्ये टाकायची, श्वास धरून बसायचं. ११ पानं उघडली. एका पानावर आजीचा चेहरा नीट होता आणि मानेखाली नुसते राखाडी पट्टे. उरलेली २१ पानं मी परत काढली, आणि ती परत काढलेली चित्रं पहिल्यासारखी झाली नाहीत हे मला आजही दिसतं.

आता, प्रत्येक बिघडलेली डिस्क तुझ्यासारखी नसते म्हणून बाकीच्यांसाठी फरक सांगते. टिकटिक, घरघर, किंवा फिरूच न शकल्यामुळे बारीक बीप बीप, यातलं काही असेल तर घरी काही करायचं नाही, सरळ लॅब. आवाजच नाही आणि दिसतही नाही, तर आधी केबल बदला, पोर्ट बदला, मोठ्या डेस्कटॉप डिस्कचा अॅडॅप्टर बदलून बघा, कारण पोर्टेबल डिस्कचा तो चपटा रुंद यूएसबी पोर्ट ढिला होणं हा फार नेहमीचा आजार आहे आणि कित्येक 'मेलेल्या' डिस्क शंभर-दोनशेच्या केबलने जिवंत होतात. डिस्क दिसते, आवाज नाही, पण प्रचंड हळू आहे, कॉपी करता करता अडकते, ती आहे खराब सेक्टरची केस (डिस्कचे काही छोटे तुकडे नीट वाचले जात नाहीत). आणि डिस्क चांगली पळतेय पण फॉरमॅट मागतेय किंवा 'रॉ' दाखवतेय तर बहुतेक फाइल सिस्टिम मोडलीय. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून एक्सफॅट केलेल्या डिस्क इजेक्ट न करता ओढून काढल्या की हे होतं, आर्टिस्ट लोकांत तर सर्रास.

या शेवटच्या दोन केसमध्ये घरी जमण्यासारखं आहे, पण एक नियम पाळून. आजारी डिस्कवरून फाइली शोधत बसायचं नाही, आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढायची आणि मग सगळे प्रयोग त्या प्रतीवर. यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, सिस्टिमरेस्क्यू नावाच्या लिनक्स पेनड्राइव्हवर तो आधीच असतो, पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे विंडोज मधे तोंड घालत नाही. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलं तर तिथे डोकं आपटत बसत नाही, पुढे जातो, आणि शेवटी अवघड जागांकडे परत येतो. कुठलं वाचलं कुठलं राहिलं याची एक मॅप फाइल ठेवतो, त्यामुळे मधे लाइट गेली, डिस्क तापली म्हणून थांबवलं तरी परत तिथूनच सुरू करता येतं. ही मॅप फाइल तिसऱ्याच ठिकाणी ठेवा. दुसरी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. आणि कुठली डिस्क 'कडून' आणि कुठली 'कडे' हे तीन वेळा वाचा, साइज आणि सिरियल नंबर कागदावर लिहून घ्या, कारण उलटं झालं तर रिकामी डिस्क तुमच्या चित्रांवर लिहिली जाते आणि मग बोलायला काही उरत नाही. कमांड लिहायची भीती वाटत असेल तर शेजारचा लिनक्स येणारा मुलगा बोलवा, यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रत निघाली की टेस्टडिस्क आणि फोटोरेक, दोन्ही फुकट. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन (डिस्कचा तो अख्खा विभाग) शोधतो, त्याने जमलं तर नावं आणि फोल्डरं सगळं जसंच्या तसं मिळतं म्हणून आधी तो. फोटोरेक मात्र मी २०१२ मध्ये हाताने केलं तेच करतो, फाइलची सुरुवात ओळखतो आणि उचलतो, नाव फोल्डर काही राहत नाही, हजारो फाइली नंबरने येतात. अॅडोबवाल्यांना पीएसडी मिळते, क्रिता आणि प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अॅपवाल्यांनी झिप फाइली नीट बघायच्या, कारण त्यांच्या फाइली आतून झिपच असतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. क्रिताची फाइल उघडत नसेल तर तिची एक कॉपी करून शेवटी झिप लिहा, आत 'मर्ज्ड इमेज' नावाची पीएनजी असते, अख्ख्या साइजमध्ये चपटं (सगळे लेयर एकत्र केलेलं) चित्र. प्रोक्रिएटच्या फाइलमध्ये निदान क्विकलुकची (झलक दाखवणारी) छोटी पीएनजी असते, तिच्यावरून परत काढायला आधार तरी मिळतो. पीएसडीमध्ये 'मॅक्झिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू असेल तर लेयर बिघडले तरी चपटं चित्र कधी कधी दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये दिसतं, म्हणून ते चालूच ठेवा, फाइल थोडी फुगते, फुगू दे.

तुझ्याकडे परत येते. तुझी केस लॅबची आहे, पण लॅबला जायच्या आधी एक संध्याकाळ वही घेऊन बस आणि तुझं काम तुझ्याशिवाय आणखी कुठे कुठे असू शकतं ते लिही. दिवाळी अंकांना पूर्ण साइजची टिफ किंवा पीडीएफ पाठवली असशील ना, ती संपादकांच्या मेलमध्ये आहे, तुझ्या 'सेंट' मध्ये आहे, आणि सगळ्यात जास्त शक्यता म्हणजे डीटीपी करणाऱ्याच्या (अंकाची पानं लावणाऱ्याच्या) कॉम्प्युटरवर आहे. ही माणसं वर्षानुवर्षं काही डिलीट करत नाहीत, मला माझं २००९ चं एक मुखपृष्ठ एका डीटीपीवाल्या काकांनी दोन मिनिटांत काढून दिलं होतं, फोल्डरला नाव होतं 'दिवाळी जुने'. त्यांना फोन कर. व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेलं मूळ साइजमध्ये असतं, फोटो म्हणून पाठवलेलं दाबलेलं असतं. क्लिप स्टुडिओ हे चित्रं काढायचं अॅप वापरत असशील तर तुझ्या लॅपटॉपवर सेलसिस यूझर डेटा नावाचं फोल्डर असेल, त्यात खोल कुठेतरी 'डॉक्युमेंट बॅकअप' आणि 'इनिशियल बॅकअप' आहेत, क्लिप स्टुडिओ तिथे गुपचूप प्रती ठेवतो. ती आधी उचलून घे, कारण त्याची जागा मर्यादित असते आणि नवीन काम सुरू केलंस की जुन्या प्रती ढकलल्या जातात.

लॅपटॉपवरून डिलीट केलेलं परत मिळेल का? लॅपटॉपमध्ये एसएसडी (न फिरणारी, चिपवर लिहिणारी डिस्क) असेल तर मला खोटी आशा द्यायची नाही. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय असते, फाइल डिलीट केली की विंडोज ड्राइव्हला सांगतं ही जागा आता मोकळी, आणि ड्राइव्ह ती खरोखर पुसून टाकतो, रिकव्हरीवाल्याला तिथे फक्त शून्य दिसतात. जुना लॅपटॉप असेल आणि आत फिरणारी डिस्क असेल तर आत्ता तो बंद कर, वापरू नकोस, तिथे चांगली शक्यता आहे.

एवढं केल्यावर जे कुठेच नाही त्याची यादी उरेल, आणि मग ठरव की त्यासाठी लॅबचा खर्च करायचा का. साध्या फाइल सिस्टिमच्या केसला काही हजारांत भागतं, हेड बदलायचं असेल तर वीस-तीस हजार सहज आणि वरही जातं, कारण त्यांना तशीच दुसरी डिस्क विकत घेऊन तिचं हेड काढावं लागतं आणि ते काम स्वच्छ हवेच्या कक्षातच करावं लागतं. लॅबला विचार की डिस्क कुठे उघडता, आधी प्रत काढता का, डेटा नाही मिळाला तर किती घेता, आणि पैसे देण्याआधी फाइलींची यादी दाखवता का. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तापकीर गल्ली असो, कुणी काउंटरवरच पेचकस घेऊन झाकण उघडायला लागला तर डिस्क हातातून काढून घे आणि निघ. तीन दुकानं फिरवू नकोस, प्रत्येक जण एकदा 'लावून बघतो' आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं घासतं. पडली होती हे खरं सांग, लपवलंस तर ते चुकीच्या ठिकाणी शोधत बसतील. हवी असलेली फोल्डरं क्रमाने लिहून दे, कारण दुखावलेलं हेड किती वेळ टिकेल सांगता येत नाही आणि तेवढ्यात जे सगळ्यात महत्त्वाचं ते आधी निघायला हवं. वॉरंटी आहे म्हणून कंपनीकडे पाठवू नकोस आत्ता, वॉरंटीत नवी रिकामी डिस्क मिळते, जुनी ते ठेवून घेतात.

आणखी एक. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतो आणि तू पासवर्ड ठेवला नसलास तरी आत सगळं एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारं) होऊन लिहिलं जातं, त्यामुळे डबीतून काढून साध्या सॅटा केबलने लावायचा प्रयोगही तिथे चालत नाही. बोर्ड, डबी, सगळं आहे तसंच लॅबला दे.

आता तुझा दुसरा प्रश्न. तुझ्या प्रश्नात एक वाक्य होतं, "बॅकअप होता ताई, पण तोच गेला." नाही रे, तो बॅकअप नव्हता. तू सामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवलंस, प्रत एकच होती, फक्त पत्ता बदलला. हे मी रागावून लिहीत नाहीये, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ मुलांचं हेच झालेलं असतं, कारण 'एक्स्टर्नलवर टाकलं' म्हणजे बॅकअप असा शब्दच आपल्याकडे रूढ झालाय. बॅकअप म्हणजे मूळ जागेवर आहेच आणि शिवाय दुसरीकडेही आहे.

आणि दोन प्रती असून सुद्धा भागत नाही, हे मला २०१९ ने शिकवलं. माझं घर तेव्हा सांगलीत गावभागात तळमजल्यावर, ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. दोन डिस्क होत्या माझ्याकडे, दोन्हींवर तेच काम, शिस्तीने दर रविवारी कॉपी केलेलं, आणि दोन्ही एकाच लोखंडी कपाटात खालच्या खणात शेजारी शेजारी. आठवड्याने घरात शिरलो तेव्हा खणात चिखल भरलेला. जे वाचलं ते यामुळे की दिवाळीत पुण्याला भावाकडे जाताना मी एक तिसरी जुनी डिस्क त्याच्याकडे विसरून आले होते. त्या दिवसापासून मी प्रती मोजत नाही, मी असं विचारते की कुठल्या एका संकटात यातल्या किती जातील. पूर, चोरी, वीज पडणं, व्हायरस, माझीच चुकीची डिलीट. प्रत्येक संकटातून एक तरी प्रत सुटली पाहिजे.

पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने हेच ३-२-१ असं सोपं करून सांगितलं आणि ते जगभर चाललं: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. आपल्यासारख्याला हे असं जमतं. चालू काम लॅपटॉपवर. एक एक्स्टर्नल डिस्क घरी, जी फक्त बॅकअपच्या वेळी लावायची आणि काढून कपाटात ठेवायची. आणि तिसरं क्लाउडवर, किंवा दुसरी एक्स्टर्नल बहिणीकडे, मित्राकडे, गावी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अदलाबदल. दोन डिस्क घेशील तर एकाच दिवशी एकाच दुकानातून जुळ्या घेऊ नकोस, वेगळ्या कंपनीच्या घे. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारी '१६ टीबी एसएसडी' घेऊ नकोस, आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि ते भरलं की जुन्यावर लिहायला लागतं, तुला वाटतं कॉपी झालं. कुठलीही नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह आणला की एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपास, मग त्याच्यावर विश्वास ठेव.

डिस्क काढून ठेव म्हणते त्याचं कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. आपल्याकडे मुलं फोटोशॉपचं क्रॅक शोधतात, आणि स्टॉप नावाचं रॅन्समवेअर अशाच क्रॅकमधून पसरत आलंय, सगळ्या फाइलींच्या शेवटी एक परकं एक्स्टेन्शन लागतं आणि पैसे मागणारी चिठ्ठी येते. जोडलेली डिस्क असेल तर तीही कुलूपबंद. पैसे नसतील तर क्रिता वापर, फुकट आहे आणि खरंच चांगलं आहे, पण क्रॅक नको.

क्लाउडचं एक नीट समजून घे. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह वगैरे जे करतात ते सिंक. इकडे डिलीट केलं की तिकडेही डिलीट, इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच जाते. गूगल ड्राइव्हचं ट्रॅश ३० दिवसांनी रिकामं होतं, आणि आपल्याला जुनं चित्र गायब आहे हे कळतं सहा महिन्यांनी, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते तेव्हा. म्हणून क्लाउडमध्ये एक वेगळं 'संपलेलं काम' फोल्डर कर, वर्षाप्रमाणे, जे तू ब्राउझरमधून हाताने अपलोड करतोस आणि लॅपटॉपशी सिंक करत नाहीस. दुसरं, 'जागा वाचवा' चालू असेल तर लॅपटॉपवर दिसणारी फाइल नुसतं नाव असतं, खरी फाइल ऑनलाइन, आणि आपण समजतो आपल्याकडे दोन प्रती आहेत. आकड्याचा अंदाज म्हणून, ए४, ३०० डीपीआय, सीएमवायके, एक पूर्ण भरलेला लेयर कम्प्रेस न करता साधारण ३५ एमबी. चाळीस लेयर म्हणजे हिशोब कर. सगळं क्लाउडवर जाणार नाही, म्हणून तिकडे फायनल लेयरवाली फाइल आणि चपटी टिफ किंवा पीएनजी एवढंच, मधली सतरा व्हर्जनं घरच्या डिस्कवर.

बॅकअपच्या कॉपीसाठी विंडोजवर फ्रीफाइलसिंक चांगला आहे, मॅकवाल्यांना टाइम मशिन आहेच. फ्रीफाइलसिंकमध्ये 'मिरर' निवडलंस तर इकडून डिलीट झालेलं तिकडूनही काढलं जातं, म्हणून डिलीट झालेल्या फाइलींसाठी 'व्हर्जनिंग' निवड आणि एक फोल्डर दे, जुनं तिथे जाऊन पडेल. बाण कुठून कुठे आहे ते दर वेळी बघायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) टाकून ठेव, महिन्यातून एकदा उघड, निळं असेल तर ठीक, पिवळा 'कॉशन' आला किंवा पेंडिंग सेक्टर, रिअॅलोकेटेड सेक्टर यांचा आकडा वाढत असेल तर त्याच दिवशी नवी डिस्क आण. निळं आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस एवढंच, एसएसडी तर कित्येकदा काही न सांगताच जाते.

फक्त चित्रंच नाही, ब्रश, पॅलेट, अॅक्शन, कलर प्रोफाइल आणि फॉन्ट यांचाही बॅकअप घे. मराठीत हे जास्त लागू आहे. मुखपृष्ठावरचं शीर्षक श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि सहा वर्षांनी नव्या मशिनवर उघडलंस तर 'दिवाळी' च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसतो. शीर्षक आउटलाइन करून (अक्षरांचे नुसते आकार करून) एक वेगळी फाइल आणि एक पीडीएफ ठेवायचीच. विंडोज ११ असेल तर बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकर (आतली डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) आपोआप चालू असतं, मदरबोर्ड गेला तर आतली चांगली एसएसडी सुद्धा ४८ आकडी रिकव्हरी की शिवाय उघडत नाही, ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघ आणि कागदावर लिहून घरच्यांच्या कागदपत्रांत ठेव.

आणि उघडून बघ. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून कुठल्याही पाच जुन्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघड, लेयर चालू-बंद कर, झूम करून कडेपर्यंत बघ. यादीत नाव दिसणं आणि चित्र उघडणं यात किती अंतर आहे ते मी त्या ११ पानांत पाहिलंय. पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कोकणातल्यांनी तर नक्कीच. विजा कडाडायला लागल्या की केबल काढ. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच, सेव्ह होत असताना लाइट गेली की फाइल अर्धवट राहते.

शेवटी आज रात्रीचं काम. तू लिहिलंयस की प्रोक्रिएटची चित्रं एक्सपोर्ट करून त्याच डिस्कवर टाकली होतीस. म्हणजे मूळ फाइली अजून आयपॅडवर असणार, आणि आत्ता त्यांची ती एकमेव प्रत आहे. जागा मोकळी करायला किंवा अॅप अडकलं म्हणून प्रोक्रिएट डिलीट करून परत टाकायचा विचार चुकूनही करू नकोस, अॅपबरोबर गॅलरी जाते. आयपॅडच्या सेटिंगमध्ये आयक्लाउड बॅकअपमध्ये प्रोक्रिएट चालू आहे का बघ. मग गॅलरीत 'सिलेक्ट', एका वेळी दहा-बाराच चित्रं, 'शेअर', प्रोक्रिएट फॉरमॅट, फाइल्समध्ये सेव्ह, तिथून लॅपटॉपवर आणि ड्राइव्हवर. सगळी एकदम निवडलीस तर मधेच अडकतं. तुझी चित्रं किती आहेत माहीत नाही, पण दोन-तीन तास धरून चाल, चार्जर लावून बस, आणि लॅबचं उद्या सकाळी.